तुझ्या न खेळलेल्या दोनशे गेम्सचं काय?

पत्र :

ताई, मी २९ वर्षांचा, घर नाशिक रोडला, जॉब हिंजवडीत. शाळेपासून गेमर आहे. मागच्या महिन्यात एक मोठा नवीन गेम जवळजवळ पाच हजाराला घेतला, तीन तास खेळलो, नुसता अडकत अडकत चालतो, पॅच (दुरुस्तीचा अपडेट) येईल पॅच येईल म्हणतायत. स्टीमवर (पीसी गेम्सचं ऑनलाइन दुकान) माझे २१४ गेम्स झालेत, त्यातले दीडशेच्या वर मी उघडलेले पण नाहीत, 'इट टेक्स टू' सारखे सगळ्यांनी डोक्यावर घेतलेले पण तसेच पडलेत. वाटतं इंडस्ट्रीच सडलीये, जिकडे तिकडे स्किन (बंदुकीचं, कपड्यांचं नुसतं दिखाऊ रूप) आणि बॅटल पास (टास्क करून बक्षिसं मिळवायचा सीझनचा पास). त्यात दिवाळीला घरी गेलो तर कळलं धाकट्या भावाने (१७ वर्षांचा, बारावीला) आईच्या युपीआयवरून बीजीएमआय ह्या मोबाइल गेमच्या युसीवर (गेममधलं चलन) चार महिन्यांत ६,४०० रुपये उडवलेत. मी त्याला धू धू धुतला. तर तो शांतपणे म्हणाला, "आणि तुझ्या न खेळलेल्या दोनशे गेम्सचं काय?" आई हसली. तेव्हापासून आमचं बोलणं बंद. तीन प्रश्न आहेत. गेम्स खरंच बिघडलेत की मीच म्हातारा झालो? भावाला काय सांगू? आणि जीटीए ६ साठी हप्त्यावर पीएस५ (सोनीचा गेमिंग कन्सोल) घेऊन गेम प्रीऑर्डर करू का? सध्या माझ्याकडे फक्त लॅपटॉप आहे.
बॅकलॉगवाला

उत्तर :

अरे बॅकलॉगवाल्या, पहिलं सांगते, ती मॅच तुझा भाऊ जिंकला. आई हसली म्हणजे अंपायरने बोट वर केलं, आता रिव्ह्यू नाही. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं असं झालंय तुझं. तू सेलमध्ये घेतलेलं ते कलेक्शन आणि त्याने घेतलेली बंदुकीची स्किन ती उधळपट्टी. त्याने निदान ती स्किन वापरली तरी रे.

पण तुझा राग पूर्ण चुकीचा आहे असं पण मी म्हणणार नाही, म्हणून जरा मागून सुरू करते.

माझ्या मामाचं सांगलीत सायबर कॅफे होतं, सात मशीन, तासाला वीस रुपये, आणि सुट्टीत वही घेऊन काउंटरला मी बसायचे. काउंटर स्ट्राइक, आयजीआय, एनएफएस आणि व्हाइस सिटी, म्हणजे जीटीएचाच जुना भाग. भिंतीवर स्केचपेनने चीट कोड लिहिलेले, पँझर टाइप केलं की आकाशातून रणगाडा, सगळी पोरं खूष. त्याच्या पण आधी एसटी स्टँडजवळच्या पार्लरमध्ये एक रुपयाचं नाणं टाकून 'मुस्तफा' खेळायचो, म्हणजे कॅपकॉमचा १९९३ चा 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स', पण ते नाव आपल्याकडे कुणाला माहीत होतं, पिवळ्या टोपीवाला मुस्तफा सगळ्यांना माहीत. आता नीट बघ, ते पार्लर पण पैसे काढायलाच बनवलेलं होतं. बॉस मुद्दाम अवघड, मेलास की स्क्रीनवर दहा पासून उलटी गिनती आणि तू खिसा चाचपतोयस. भावाला ज्या ट्रिकने पकडलंय ना, तिचा खापरपणजोबा आहे तो. फरक एकच होता की नाणं हातातून जाताना दिसायचं, पाच नाणी संपली की संपली, मग मुकाट दुसऱ्याचं बघत उभं राहायचं.

इंडस्ट्रीने गेल्या वीस वर्षांत ते नाणं दिसेनासं केलं, बाकी बरंचसं तेच आहे. २००६ मध्ये 'ऑब्लिव्हियन' ह्या गेममध्ये घोड्याचं चिलखत अडीच डॉलरला विकलं तेव्हा लोक हसले होते, की दिसायला सोनेरी आणि कामाचं काही नाही, हे कोण घेणार. घेतलं की लोकांनी. मग डॉलरच्या जागी क्रिस्टल, व्ही-बक्स, युसी आले, म्हणजे आधी तू खऱ्या पैशाने खोटा पैसा घ्यायचा, आणि पॅकचे आकडे असे की थोडे युसी उरलेच पाहिजेत, ते उरलेले वाया जातील म्हणून परत पॅक. त्यात पुढे क्रेट, म्हणजे वस्तू पण विकत नाही, वस्तू लागण्याची शक्यता विकतात. २०१७ ला स्टार वॉर्सच्या 'बॅटलफ्रंट २' मध्ये ईए ह्या कंपनीने डार्थ व्हेडर सारखे हिरो तासनतास घासल्याशिवाय मिळणार नाहीत असं केलं आणि बाजूला लूट बॉक्सचं, म्हणजे तसल्याच क्रेटचं, दुकान मांडलं, तेव्हा एवढी बोंब झाली की रिलीजच्या तोंडावर ती खरेदी बंद करावी लागली. २०१८ मध्ये बेल्जियमने सरळ सांगितलं की पैसे देऊन घ्यायचे लूट बॉक्स म्हणजे जुगार. आणि जे चीट कोड मामाच्या भिंतीवर फुकट होते ते आता दुकानात आहेत, २०१८ च्या 'असॅसिन्स क्रीड ओडिसी' मध्ये लवकर लेव्हल वाढायचा बूस्टर वेगळा विकत होते, म्हणजे पूर्ण किमतीचा गेम घ्यायचा आणि तो कमी खेळावा लागावा म्हणून परत पैसे द्यायचे. ह्याला काय म्हणायचं मला अजून कळलेलं नाही.

तर हो, बिघडलंय. पण सगळं नाही, आणि जुनं काही सोन्याचं नव्हतं. मामाच्या कॅफेतली एकूण एक सीडी पायरेटेड होती हे मी आज कबूल करते. ज्या काळाला आपण गेमिंगचा सुवर्णकाळ म्हणून उसासे टाकतो ना, त्यात आपल्यातल्या बहुतेकांनी बनवणाऱ्याला एक पैसा दिलेला नाही. फुकटात सगळंच भारी लागतं. आणि एकच सीडी असायची, तीच महिना महिना, त्यामुळे व्हाइस सिटीचा रस्ता न् रस्ता पाठ. तू आता संध्याकाळी आठला ट्रॅफिकमधून रूमवर येतोस, डोक्यात उद्याची डेडलाइन, समोर २१४ गेम्सची यादी, तू दहा मिनिटं स्क्रोल करतोस आणि यूट्यूब लावतोस. बरोबर ना? आणि चुकून एखादा ऑनलाइन गेम उघडलाच तर तो म्हणतो आजचे तीन टास्क करा, सीझन संपायला सहा दिवस राहिले, पास पूर्ण करा. अरे हे तर ऑफिसच्या जिरा सॉफ्टवेअरमधलं कामाचं तिकीट झालं, दिवसभर तिकीटं बंद करून घरी येऊन परत तिकीटंच. तू म्हातारा नाही झालास, तू दमलायस, आणि दमलेल्या माणसाला गेमने परत कामाला लावलं तर त्याला राग येणारच.

ह्याच काळात काय काय आलंय ते पण बघ ना. 'स्टारड्यू व्हॅली' २०१६ ला एकट्या माणसाने चारेक वर्षं खपून बनवला. 'बाल्डर्स गेट ३' २०२३ ला आला, बेल्जियमच्या लॅरियनचा, शंभर तासांचा पूर्ण गेम आणि आत कुठलं दुकान नाही. २०२५ ला फ्रान्समधल्या माँपेलिएच्या एका नव्या स्टुडिओचा पहिलाच गेम 'क्लेअर ऑब्स्क्युर : एक्सपिडिशन ३३' वर्षाचा सर्वोत्तम गेम ठरला, आणि 'सिल्कसाँग' साठी लोक सहा वर्षांच्या वर थांबले, तो बनवणारी ऑस्ट्रेलियातली टीम हाताच्या बोटावर मोजण्याएवढी, किंमत फक्त वीस डॉलर, रिलीजच्या दिवशी दुकानांच्या वेबसाइट कोलमडल्या. आपल्या पुण्यातला 'राजी' विसरू नकोस, नॉडिंग हेड्स स्टुडिओने २०१७ ला किकस्टार्टरवर लोकांकडून पैसे मागितले, जमले नाहीत, तरी हट्टाने पूर्ण करून २०२० ला आणला आणि गेम अवॉर्ड्सला पदार्पणातल्या सर्वोत्तम गेमच्या नॉमिनेशनमध्ये गेला. त्यातली फायटिंग मला जरा ढिली वाटली, खोटं कशाला बोलू, पण ती बाहुल्यांच्या सावल्यांमधून सांगितलेली गोष्ट बघ एकदा. तुझ्या २१४ मध्ये तो असेलच, सेलमध्ये सगळे मराठी लोक अभिमानाने घेतात आणि ठेवून देतात.

सडलंय ते वरच्या मजल्यावर. पंधरा दिवसांत बंद पडलेला 'काँकॉर्ड' आठवतोय ना, सोनीने २३ ऑगस्ट २०२४ ला आणला, ६ सप्टेंबरला सर्व्हर बंद करून सगळ्यांना पैसे परत, आणि ऑक्टोबरमध्ये तो स्टुडिओच बंद. पण तो निदान आपटला तरी होता. 'हाय-फाय रश' सगळ्यांना आवडलेला, मायक्रोसॉफ्टचेच लोक कौतुक करत होते, आणि वर्षभराने मे २०२४ मध्ये तो बनवणाऱ्या टँगो स्टुडिओला टाळं (पुढे क्राफ्टनने त्यांना घेतलं, हो तीच तुझ्या भावाच्या बीजीएमआयवाली क्राफ्टन, जग गोल आहे). म्हणजे गेम पडला तरी नोकरी जाते आणि चालला तरी जाऊ शकते. तुझा राग तिकडे जाऊ दे, गेम्सवर कशाला काढतोस.

आता तुझे ते पाच हजार. स्टीमचा नियम आहे, घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असशील तर रिफंड, कारण विचारत बसत नाहीत. तू तीन तास खेळलास, आणि १४ दिवस पण बहुतेक उलटलेत. त्यातला एक तास नाक आणि भुवया सेट करण्यात गेला असणार, मला माहितीये कारण मी पण तेच करते. तरी एकदा रिक्वेस्ट टाकून बघ, गेम नीट चालत नाही असं कारण लिही, नाहीच म्हणतील फार तर. पुढच्या वेळी नवीन गेम घेतलास की पहिल्या तासाभरात चेहरा राहू दे, सरळ बाहेर गर्दीच्या जागी पळत जा, मारामारी कर, फ्रेम रेट (चित्र किती सलग हलतंय) बघ, अडकला तर परत. आणि तुझ्याच ग्राफिक्स कार्डवर कुणीतरी चालवून दाखवलेला व्हिडिओ रिलीजनंतर दोन दिवसांत येतोच, तेवढं थांबायला काय होतं.

मधेच एक सांगते, तासाला किती रुपये पडले असा हिशोब करणारे तुझ्या ग्रुपमध्ये पण असतील, पाच हजार भागिले शंभर तास म्हणजे पन्नास रुपये तास, पिक्चरपेक्षा स्वस्त वगैरे. मला तो हिशोब अजिबात पटत नाही. ह्याच हिशोबामुळे नकाशे फुगले, प्रत्येक टेकडीवर एक टॉवर आणि प्रत्येक टॉवरखाली बारा पिसं गोळा करा. 'पोर्टल' चार तासात संपतो, 'अ शॉर्ट हाईक' दोन तासात, आणि दोन्ही मला मागच्या पाच वर्षांतल्या शंभर तासवाल्या कित्येक गेम्सपेक्षा जास्त आठवतात. बॅकलॉगचं ओझं वाटतं ना, तर असे छोटे आधी काढ. दीडशेपैकी शंभर तू कधीच खेळणार नाहीयेस हे आजच मान्य कर, लपवून टाक लायब्ररीतून, ऑप्शन आहे. आणि तसंही ते तुझे नाहीतच! ऑक्टोबर २०२४ पासून स्टीमच्या कार्टमध्ये लिहून येतं की तुम्ही लायसन्स घेताय. युबिसॉफ्ट कंपनीने 'द क्रू' ह्या गेमचे सर्व्हर ३१ मार्च २०२४ ला बंद केले आणि एकट्याने खेळणाऱ्यांचा गेम पण गेला, त्यावरूनच 'स्टॉप किलिंग गेम्स' ही मोहीम उभी राहिली आणि युरोपात दहा लाखांच्या वर सह्या झाल्या. खरंच जपून ठेवायचा असेल असा एखादा गेम जीओजी ह्या दुसऱ्या ऑनलाइन दुकानातून घे, तिथे इन्स्टॉलर डाउनलोड करून हार्ड डिस्कवर टाकता येतो.

आता भाऊ. हा तुझ्या पत्रातला मेन मुद्दा आहे आणि तू तो मधल्या नंबरला ढकललायस.

त्याने चूक केली, पण चूक गेमची नाही, आईला न सांगता तिचे पैसे वापरले ही आहे. हे दोन वेगळे ठेव. तू झापताना 'त्या फालतू स्किनसाठी' असं म्हणाला असणार, शंभर टक्के. ते वाक्य त्याला लागलं. त्याच्या स्क्वॉडमधल्या पोरांकडे ग्लेशियर एम४१६ ही बंदुकीची स्किन आहे, त्याला लॉबीमध्ये साध्या कपड्यात उभं राहायला लाज वाटते, आपण गणपतीला नवीन शर्टासाठी रडायचो त्यातलंच हे आहे. आणि तो फसला ह्यात त्याच्या अकलेचा दोष थोडाच आहे, ती दुकानं मोठमोठ्या डोकेबाज लोकांनी मांडलेली असतात. एपिक सारख्या कंपनीला डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेत ग्राहकांना परत द्यायला २४.५ कोटी डॉलर मोजायचं कबूल करावं लागलं, कारण त्यांच्या फोर्टनाइट गेममधल्या बटणांची मांडणीच अशी होती की नको असताना खरेदी व्हायची, आणि पोरं आईबापाला न विचारता घेऊ शकायची. तिथे बारावीतलं पोर काय टिकणार.

तर एक कर. घरी गेलास की प्रवचन नको, आधी तुझी स्टीमची परचेस हिस्टरी त्याच्यासमोर उघड. हो, तुझी. टोटल मार त्याच्यादेखत. मला अंदाज आहे आकडा ६,४०० च्या बराच पुढे जाईल. तो हसेल, हसू दे. मग त्याची प्ले स्टोअरची ऑर्डर हिस्टरी उघडायला सांग आणि प्रत्येक ओळीला विचार, हे अजून आवडतं का. दोघांनी एकेक ओळ. त्याला स्वतःलाच कळेल की क्रेटमध्ये किती गेले आणि हातात काय राहिलं, तुला बोलावं लागणार नाही, आणि बोलू पण नकोस प्लीज.

कामाचं म्हणजे आईच्या फोनवर प्ले स्टोअरमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड लागेल असं सेटिंग करून दे आणि युपीआयचा पिन बदल, तो पिन त्याला माहीत आहे हे आईला पण माहीत असणार, आया अशाच असतात. त्याला महिन्याचे ठरलेले पैसे दे, दोनशे म्हण तीनशे म्हण, प्ले स्टोअरच्या गिफ्ट कोडच्या रूपात, संपले की संपले. ते एक रुपयाचं नाणं त्याला परत दिसायला लागलं पाहिजे, एवढंच. स्किन घेतो का साठवून दुसरं काही घेतो ते त्याचं तो बघेल. ६,४०० पैकी अर्धे त्याने हळूहळू आईला परत करायचे आणि अर्धे तू भर, कारण चार महिने आईच्या खात्यातून पैसे जातायत हे इंजिनिअर मुलाला दिवाळीपर्यंत कळलं नाही.

आईला कदाचित वाटत असेल की सरकारने बंद केलेलं तेच हे. तिला सांग की ऑगस्ट २०२५ चा कायदा आहे तो पैसे लावून पैसे जिंकायच्या गेम्सवर, रमी, फँटसी टीम वगैरे. बीजीएमआय मध्ये पैसे जातात फक्त, जिंकून परत येत नाहीत. हे ऐकून तिला बरं वाटेल की अजून राग येईल सांगता येत नाही.

आणि त्याच्यासोबत चार मॅच खेळ. तू मोठा पीसी गेमर, मोबाइलवर तू पोचिंकीत (बीजीएमआयच्या नकाशातलं गाव) उतरल्या उतरल्या मरणार आणि तो तुला उचलायला येणार. बोलणं आपोआप सुरू होतं मग, "दादा कव्हर घे ना", "दादा तिकडे कुठे चाललास", असं.

राहिला जीटीए. प्रीऑर्डर ही गोष्ट दुकानातले डबे संपायचे त्या काळातली आहे. डाउनलोड काय चितळ्यांची बाकरवडी आहे का, एक वाजता संपायला? 'सायबरपंक' ह्या गेमच्या रिलीजच्या आधीच ८० लाख कॉपी विकल्या गेल्या होत्या, १० डिसेंबर २०२० ला आला, जुन्या पीएस४ वर तो इतका भंगार चालत होता की आठवड्याभरात सोनीने स्टोअरमधून काढून टाकला. तोच गेम २०२३ च्या २.० अपडेटनंतर मी खेळले, कमी किमतीत, आणि मला प्रचंड आवडला. थांबणाऱ्याला चांगला गेम स्वस्तात मिळाला आणि घाई करणाऱ्याने महागात टेस्टिंग करून दिलं.

त्यात तुझी केस तर उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग. गेम जाहीर झालाय पीएस५ आणि एक्सबॉक्स सीरिजसाठी, हे लिहितेय तोवर पीसीचं नाव नाही. तारीख आधी २०२५, मग २६ मे २०२६, मग १९ नोव्हेंबर २०२६. म्हणजे जो गेम आलेला नाही त्याच्यासाठी पन्नास हजारांच्या वरचं मशीन हप्त्यावर, आणि ह्या माणसाने भावाला ६,४०० वरून झापलंय! जीटीए बनवणारं रॉकस्टार पीसीवाल्यांना नेहमी ताटकळत ठेवतं, 'जीटीए ५' कन्सोलवर सप्टेंबर २०१३ ला आला आणि पीसीवर एप्रिल २०१५ ला, 'रेड डेड २' ला पण वर्षभर लागलं. तेवढ्या वेळात बग पण जातील आणि तुझा लॅपटॉप पण बदलायला आलेला असेल. ज्या दिवशी तो गेम येईल त्या दिवशी ऑफिसमध्ये सगळे बोलतील आणि तुला एकटं पडल्यासारखं होईल, ते होणारच, दोन आठवडे जातील त्यात. तेव्हा व्हाइस सिटी काढ, ह्या वेळी विकत घेऊन.

एक गोष्ट मात्र लगेच कर. 'इट टेक्स टू' तुझ्याकडे पडून आहे म्हणालास. तो एकट्याने खेळताच येत नाही, दोन माणसंच लागतात, म्हणून तर तू उघडला नसशील. पुढच्या शनिवारी लॅपटॉप घरच्या टीव्हीला जोड, एक पॅड तुझा, एक मित्राचा मागून ने, आणि भावाला बसव. फक्त आधीच सांगून ठेवते, त्यात घटस्फोटाच्या वाटेवरचे नवरा-बायको बाहुल्या होऊन बसतात आणि सारखे एकमेकांशी भांडत एकमेकांना वाचवत पुढे जातात. नवरा कोण आणि बायको कोण ह्यावरून तुमचं परत वाजणार आहे. त्याला आधी निवडू दे.